आगरात पातेरा उलटणारा नारिंगी पक्षी: नवरंग की कस्तूर?

पोफळी_आगर

ठिकाण गुहागर तालुका, नारळ-पोफळीचं आगर. मागच्या अंगाला फणस, कोकम आणि अडुळशाची दाटी, खाली ओला पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर. श्रावणात उजाडता उजाडता आणि पुन्हा दिवेलागणीच्या जरा आधी एक पक्षी एकटाच जमिनीवर उतरतो. साळुंकीपेक्षा किंचित लहान. डोकं, छाती, पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, पंखावर पांढरा डाग. गाल पांढरट आणि त्यावर दोन गडद रेघा. दोन-तीन उड्या मारतो, थांबतो, मान तिरकी करतो, मग चोचीने पान धरून बाजूला भिरकावतो. माणूस दिसला की पळत नाही, जागच्या जागी पुतळा होतो आणि मग एकदम अडुळशात शिरतो. फोटो काढलाय, पण अंधारामुळे नुसता नारिंगी डाग आलाय, म्हणून इथे टाकत नाही.

गावात कोणी नवरंग म्हणतं, कोणी दयाळची मादी. प्रश्न असे:

१. हा नक्की कोण?
२. मान तिरकी करून तो जमिनीला कान लावतो का?
३. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप सकाळी त्याच झाडाकडे धरलं की बुलबुल, शिंपी, सातभाई अशी नावं दाखवतं, पण झाडावर तर हा एकटाच दिसतो. ॲप चुकतंय का?
४. पाऊस संपला की आगर साफ करायचं आहे. पातेरा काढावा की ठेवावा? घरात लहान मूल आहे, त्यामुळे फुरशाची, म्हणजे त्या विषारी सापाची, भीती खरी आहे.

---

रानवाट

नारिंगी डोक्याचा कस्तूर. शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना. जुन्या याद्यांत हाच पक्षी झूथेरा सिट्रिना म्हणून सापडेल, शोधताना दोन्ही नावं टाका.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गालावरच्या रेघा. त्या उभ्या होत्या ना? एक डोळ्यातून खाली उतरणारी, दुसरी तिच्या मागे कानाजवळ. गळा आणि गाल पांढरे, त्यावर अशा दोन उभ्या पट्ट्या ही भारतीय द्वीपकल्पातल्या सायनोटस या उपजातीची खूण. सह्याद्री आणि कोकणात राहणारी, वीण करणारी हीच. हिमालयात वीण करणाऱ्या उपजातीचं डोकं मात्र सगळं नारिंगी असतं, गालावर पांढरं काही नाही. ती हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकते, म्हणून थंडीत कधी कोऱ्या नारिंगी गालाचा पक्षी दिसला तर फोटो कसाही येवो, नोंद जरूर करा.

नवरंगाच्या चेहऱ्यावरही काळी पट्टी असते, गोंधळ तिथेच होतो. पण ती आडवी असते, चोचीपासून डोळ्यावरून मानेपर्यंत. शिवाय नवरंगाला शेपूट जवळपास नसतेच. पाठ हिरवी, पोट फिकट बदामी, बुडाखाली लालभडक, खांद्यावर चमकदार निळा डाग. दोघंही पाचोळ्यात चरतात, दोघंही पावसाळ्यात कोकणात असतात, दोघंही सावली सोडत नाहीत. तेव्हा जागा आणि सवय यांवरून ओळखायला जाऊ नका, रेघ उभी की आडवी एवढं बघा.

दयाळची मादी म्हणणाऱ्याने दयाळची मादी नीट बघितलेली नाही. ती राखाडी-पांढरी असते, नारिंगी कुठेच नसतो, आणि शेपूट सतत वर उचललेली.

खरा घोटाळा होऊ शकतो तो दोन पक्ष्यांशी. एक, निळ्या डोक्याचा कस्तूर. त्याचंही पोट नारिंगी आणि पंखावर पांढरा डाग. पण त्याचं डोकं आणि गळा निळा असतो, तो हिवाळी पाहुणा आहे, श्रावणात दिसणार नाही. शिवाय तो फांदीवर ताठ बसून खाली झेप घेतो, पाचोळ्यात उड्या मारत फिरत बसत नाही. दुसरा, टिकेलचा निळा माशीमार. रंग जुळतात, पण तो चिमणीएवढा, आणि नारिंगी फक्त गळा-छातीवर.

नर की मादी? पाठ स्वच्छ निळसर राखाडी असेल तर नर. पाठीत तपकिरी-हिरवट झाक आणि पोटाचा नारिंगी फिका असेल तर मादी. खूप कमी उजेडात हा फरक टिकत नाही, तेव्हा एका नजरेत ठरवू नका.

पक्षी दचकून उडाला तर पंखाच्या खालच्या बाजूकडे लक्ष ठेवा. गडद पंखावर ठळक पांढरा पट्टा चमकून जातो. आपल्याकडचा काळ्या टोपीचा कस्तूर सावलीत चरताना दिसतो, त्याच्या पंखाखाली तसा पट्टा नाही, आणि त्याची चोच पिवळी-नारिंगी असते. तुमच्या पक्ष्याची चोच काळपट असणार.

---

कातळफूल

रानवाट यांनी ओळख पक्की केली आहे, दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

कस्तूर कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. समोरची जमीन एका डोळ्याने नीट बघायची तर मान वळवावीच लागते. त्यामुळे आपल्याला जे कान लावणं वाटतं, ते बरेचदा डोळा लावणं असतं. पण बरेचदाच, नेहमी नाही. अमेरिकेतल्या रॉबिनवर, म्हणजे याच कुळातल्या टर्डस मायग्रेटोरियसवर, दोन प्रसिद्ध अभ्यास झाले. १९६५ मध्ये फ्रँक हेपनर यांनी निष्कर्ष काढला की तो गांडूळ नजरेने शोधतो. १९९७ मध्ये मॉन्टगोमेरी आणि वेदरहेड यांनी गांडूळ दिसणार नाही, वास आणि कंपन मिळणार नाही अशी व्यवस्था करून पाहिली, तरी पक्ष्याने ते शोधलं. म्हणजे ऐकूनही त्याला जमतं. आपल्या कस्तुराला हे जसंच्या तसं लावू नये, पण थांबून मान वळवण्यामागे दोन्ही इंद्रियं असावीत असं मानायला हरकत नाही.

उडी-उडी-थांबा या चालीचंही तेच कारण. चालत असताना स्वतःच्या पायांचा पाचोळ्यात आवाज होतो आणि नजरही हलते. थांबलं की दोन्ही स्थिर. त्या क्षणी खाली काही वळवळलं की लगेच कळतं.

पान उलटण्याची पद्धत बघण्यासारखी असते. कोंबडीसारखं पायाने उकरणं मुख्य नसतं, काम चोचीचं. पानाची कड पकडायची, मान झटकायची, पान बाजूला. मग लगेच खाली चोच मारत नाही, क्षणभर उघड्या पडलेल्या ओल्या जागेकडे बघतो. गांडूळ, वाळवी, अळ्या, भुंगेरे, कोळी, लहान गोगलगायी असं काहीही चालतं. मोठं गांडूळ एका झटक्यात उपसत नाही, ताणून धरतो, जरा सैल सोडतो, पुन्हा ओढतो. शिवाय फळं खातो, हे लोक विसरतात. उंबर-वडाची पडलेली फळं, घाणेरीची बोरं. पावसाळा संपून जमीन कडक झाली की फळांवरचा भार वाढतो, किंवा मग जिथे शिंपण चालू आहे अशा आगरात तो टिकून राहतो. पावसानंतरही तो तुमच्याकडे टिकला तर त्याचं कारण बहुधा पाटाचं पाणी असेल.

पहाटे आणि तिन्हीसांजेला का? या पक्ष्यांचे डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात, मंद उजेडात त्यांचं भागतं. त्या वेळी जमीन ओलसर आणि थंड असते, गांडुळं वरच्या थरात असतात. पावसाळी झाकोळलेल्या दिवशी तो दुपारी बाराला चरताना दिसला तरी नवल वाटून घेऊ नका.

आवाजावरूनही चरणारा पक्षी ओळखता येतो. सातभाई असतील तर पाचोळ्यात एकाच वेळी सात-आठ ठिकाणी खुसखुस आणि वर अखंड कलकल. कस्तूर असेल तर एकाच जागी खस्स, मग शांतता, मग हातभर पुढे पुन्हा खस्स. मुंगूस असेल तर आवाज सलग सरकत जातो.

---

ध्वनिफीत

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ॲप चुकतंय, पण त्याचा फार दोष नाही. हा पक्षी नकलाकार आहे. बुलबुल, सातभाई, शिंपी यांचे तुकडे तो स्वतःच्या गाण्यात गुंफतो. मर्लिन आवाजाच्या आलेखावरून जात ओळखतं, नक्कल चांगली असली की मूळ पक्ष्याचं नाव देतं.

खात्री करून घ्यायची तर असं करा. पडद्यावर नावं उजळताना बघा. बुलबुल, मग शिंपी, मग सातभाई अशी एकामागून एक उजळतात की एकाच वेळी दोन? एकाच जागेवरून, एकमेकांवर न चढता, तीन-चार जाती आळीपाळीने बोलत असतील तर गायक एकच. दुसरी खूण, या तुकड्यांच्या मध्ये मोठ्या, स्वच्छ, झोके घेणाऱ्या शिळा येतात, एकेक तुकडा दोन-तीनदा म्हटला जातो. भृंगराज कोतवालही नकला करतो, पण त्याच्या बोलण्यात मध्येच धातूसारखे, खरखरीत सूर येतात आणि तो एका जागी फार वेळ थांबत नाही. दयाळही नक्कल करतो, तो मात्र उघड्या शेंड्यावर बसून.

आणखी एक. हा जमिनीवर चरतो पण गातो झाडावरून, पानांच्या आड बसून. म्हणून आवाजाचा माग काढताना मान वर, आणि पक्षी शोधताना नजर खाली, असा उलटा कारभार आहे. गाणं विणीच्या काळातलं. हिवाळ्यात तो जवळजवळ मुका असतो, फार तर उडताना बारीक त्झीट असा आवाज. जानेवारीत ऐकू आला नाही म्हणजे निघून गेला असं समजू नका.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, झाडाच्या बुंध्याशी कोरड्या जागी ठेवा, निदान दोन मिनिटं चालू ठेवून स्वतः लांब जा. हातात धरून केलेल्या फितीत कपड्यांचीच सळसळ जास्त येते. मूळ फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवली तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवता येते आणि दुसऱ्यांना आलेख तपासता येतो.

त्याचा आवाज स्पीकरवर वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर प्रतिस्पर्धी आला असं समजून चरणं आणि पिलांना भरवणं सोडून येतो.

---

सडा_आणि_जांभा

शेतीच्या बाजूने लिहितो, कारण खरा निर्णय तिथेच आहे. या पक्ष्याला बंदुकीपेक्षा खराटा जास्त मारतो. आपल्याकडे माघ-फाल्गुनात पातेरा गोळा करून भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, नेतात, उरलेला कोपऱ्यात पेटवतात. ज्या आगरात जमीन खरवडून लख्ख असते तिथे वाळवी, अळ्या, गांडुळं वरच्या थरात राहत नाहीत. पक्ष्याला उलटायला पानच नाही, तर तो येणार कशाला?

पण फुरशाचं म्हणणं खोटं नाही. फुरसं पातेऱ्यात आणि जांभ्याच्या ढिगात बसतं, रंगाने मिसळून जातं. तेव्हा सगळं ठेवा किंवा सगळं काढा असं न करता वाटणी करा:

- घराभोवती ३ मीटर, न्हाणीघर, विहीर आणि रोजच्या पायवाटा: पूर्ण स्वच्छ. इथे चिऱ्यांचे ढीग, झावळ्यांच्या राशीही नकोत. उंदीर तिथेच राहतात आणि मागोमाग साप.
- फणस-कोकमाखालचा मागचा पट्टा: पातेरा ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा ठेवा. त्याहून जाड थर नको, खालचा भाग चिकट होऊन कुजतो आणि पक्ष्यालाही उलटता येत नाही.
- पोफळीच्या विऱ्या (पानाच्या देठाकडचे रुंद खोलगट भाग) आणि नारळाच्या झावळ्या या पट्ट्यात टाकू नका. कस्तूर त्या उलटू शकत नाही, आणि विरीच्या खोलगट भागात पाणी साचून डास होतात. त्या वेगळ्या उचला.
- मागच्या पट्ट्यात जाताना गमबूट, हातात काठी. पातेऱ्यात हात घालायचा नाही, मूल तिथे खेळायला जाणार नाही, एवढं ठरवून टाका.

कोळेरोगाने गळलेल्या सुपाऱ्या मात्र पातेऱ्यात राहू देऊ नका. रोगट फळ वेचून बाहेर नेलंच पाहिजे, नाहीतर रोगाचं बी आगरातच राहतं. पानं ठेवायची, फळं उचलायची.

आता कोळेरोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण. १ टक्का मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र. धातूचं भांडं वापरू नये, प्लास्टिक किंवा मातीचं. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुन्याचं पाणी आणखी घाला. हे न केल्याने कोवळ्या घोसांना चटका बसतो आणि खाली पडणारं मोकळं तांबं वाढतं. तांबं मातीतून निघून जात नाही, वर्षानुवर्षं साठतं, आणि गांडुळांना ते सोसत नाही. बोर्डो बंद करा असं कोणी म्हणणार नाही, कोळेरोगापुढे ते परवडणारं नाही. पण टाकी आणि पंप धुतलेलं पाणी मागच्या सावलीत ओतायची सवय सोडा. मिश्रण करायची आणि धुवायची जागा एकच ठरवा, विहिरीपासून आणि या पट्ट्यापासून लांब.

वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस सरसकट जमिनीवर ओतणं थांबवा. पातेऱ्यात वाळवी असणं हा रोग नव्हे, ती मेलेलं लाकूड खाते. घराच्या वाशांना लागली तर तिथेच उपाय करा.

आफ्रिकन गोगलगायींचा त्रास असेल तर विषारी गोळ्यांआधी ओलं गोणपाट करून बघा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी आळ्याजवळ टाका, उजाडता उलटून खालच्या गोगलगायी हातमोज्याने वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. हे मिठाचं पाणी नंतर आळ्यात ओतू नका.

---

पोफळी_आगर

रेघा उभ्याच होत्या, म्हणजे कस्तूर नक्की. दोन गोष्टी राहिल्या. अडुळशाजवळ तसाच पण मळकट, पाठीवर फिकट रेघोट्या असलेला, आखूड शेपटीचा एक पक्षी आज जमिनीवर दिसला. धड उडत नाही. उचलून आणावा का? आणि भात किंवा पाव टाकला तर मोठा पक्षी जवळ येईल का?

---

रानवाट

उचलू नका. ते त्याचंच पिलू. पाठीवर फिकट रेघा आणि तपकिरी अंग ही कोवळ्या पिलाची खूण, डोक्यावर तांबूस झाक हळूहळू चढते. घरटं झाडाच्या दुबेळक्यात किंवा झुडपात, बहुधा जमिनीपासून ४-५ मीटरच्या आत असतं. साधारण ३ ते ४ अंडी, उबवण १३-१४ दिवस, आणि पिलं बाराव्या दिवसाच्या सुमारास घरटं सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नसतं, हे ठरलेलंच आहे. आई-बाप जवळपास असतात आणि झुडपात येऊन भरवतात.

हात घालायचा तो दोनच कारणांनी. पिलू उघड्या वाटेवर किंवा पाण्यात असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा आणि निघून या. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही, ती समजूत चुकीची. किंवा पंख लोंबत असेल, रक्त असेल तर खोक्यात झाकून वनविभागाला कळवा. पाणी चोचीत ओतू नका, श्वासनळीत जातं.

मांजर असेल तर पुढचे ८-१० दिवस ते सकाळ-संध्याकाळ घरात कोंडा. पिलू जमिनीवर असताना मांजर मोकळं सोडून बाकी सगळी काळजी घेण्यात काही अर्थ नाही.

---

कातळफूल

पाव, भात दोन्ही नको. तो दाणे टिपणारा पक्षी नव्हे, भाताला कावळे आणि उंदीर येतील. पाणी ठेवा. पसरट मातीचं ताट, मध्ये जास्तीत जास्त ४ सेंटिमीटर खोली, कडेला खडबडीत दगड. थेट जमिनीवर, झुडपापासून दोन मीटरवर ठेवा. झुडूप लांब असेल तर पक्षी उतरत नाही, अगदी लागून असेल तर मांजर दबा धरतं. रोज घासून पाणी बदला. पावसाळ्यात त्याकडे कोणी बघणारही नाही. डिसेंबरपासून मात्र आंघोळीला येतो, आणि फोटोसाठी तीच जागा बरी. ताटावर उजेड मागून पडेल असं बसू नका, गालावरच्या रेघा अंधारात जातात.

---

सडा_आणि_जांभा

अडुळशाची छाटणी गणपतीत करायचा बेत असेल तर दसऱ्यापर्यंत थांबवा. पिलं अजून त्यातच लपतायत, आणि उशिराची दुसरी घरटी भाद्रपदातही असू शकतात. छाटाल तेव्हा गुडघ्याच्या वरचं छाटा, खालची दाटी तशीच ठेवा.